पेरणीपूर्वी: शेवटचे पोते पिकाला की पाण्याला?

पेरणीला तीन-चार आठवडे राहिले आहेत. खताची पोती आणून रचण्याआधी एकदा नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब मांडू या. खर्च कमी करायचा तर सर्वांत सोपी जागा हीच, आणि आपल्या बांधाबाहेर जी घाण जाते तिचा मोठा भागही इथूनच निघतो.

युरियात नत्र 46 टक्के असते. शंभर किलो युरिया टाकला की 46 किलो नत्र जमिनीवर पडले. जगभरच्या शेतीची सरासरी पाहिली तर त्यातले जेमतेम निम्मे पिकाच्या वाट्याला येते. बाकीचे अमोनिया होऊन उडते, नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरते, नाहीतर पाणी साचलेल्या जमिनीत जिवाणू त्याचे वायू करून टाकतात. त्या वायूंपैकी नायट्रस ऑक्साईड शंभर वर्षांच्या हिशेबात, किलोला किलो धरून, कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ करतो.

तरीही ‘खतच बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. हवेतले नत्र पकडून अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. 1900 च्या सुमारास जगात साधारण 160 कोटी माणसे होती. नोव्हेंबर 2022 मध्ये ती 800 कोटी झाली. आज जवळपास निम्म्या माणसांच्या ताटातले अन्न या कारखानी नत्रावर उभे आहे. तेव्हा पोते वाईट नाही. माझे भांडण आहे ते शेवटच्या पोत्याशी.

पहिल्या पोत्याला पीक भरभरून उत्तर देते, दुसऱ्याला कमी, आणि पुढे एक वेळ अशी येते की टाकलेले जवळजवळ सगळेच बाहेर जाते. हे कळत असूनही आपण टाकतो. कारण पीक हातचे गेले तर वर्ष बुडते, त्यामानाने एक पोते स्वस्त. ते खत म्हणून नव्हे, विमा म्हणून पडते. शिवाय शेजारचे शेत काळपट हिरवे दिसले की आपलाही हात पोत्याकडे जातो. तो काळपट हिरवेपणा म्हणजे बऱ्याचदा लुसलुशीत पाला, रसशोषक किडीला आमंत्रण आणि वारा आला की लोळणारे पीक.

या विम्याचा हप्ता खालच्या अंगाचे लोक भरतात. अमेरिकेतली मिसिसिपी नदी मोठ्या शेतीपट्ट्यातले पाणी घेऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. तिथे दर उन्हाळ्यात नत्र-स्फुरदावर (स्फुरद म्हणजे फॉस्फरस) शेवाळ माजते, मरून तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. 2017 मध्ये असा निर्जीव पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटरवर पसरला होता. एवढ्या लांब जायलाही नको. शेताजवळच्या उथळ विहिरीचे पाणी एकदा नायट्रेटसाठी तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नका. आणि उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते.

आता कामाचे. माती परीक्षण केले नसेल तर याच आठवड्यात नमुना काढा. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, आणि त्याच्या एका बाजूची पातळ चकती उचला. बांधालगत, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी घेऊ नका. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. आणि हो, खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका! अशा पिशवीतून गेलेला नमुना जमिनीचे नव्हे, पिशवीचे गुण सांगतो.

अहवाल येईपर्यंत ढोबळ ताळा लावता येतो. गव्हाच्या एक टन दाण्याबरोबर साधारण 20 किलो नत्र शेताबाहेर जाते. गेल्या वेळी निघालेल्या उत्पादनाला या आकड्याने गुणा आणि टाकलेल्या खतातल्या नत्राशी ताडून पाहा. फरक फार मोठा निघाला तर शेवटचे पोते कुठे गेले ते कळेल. कडधान्याचा बेवड असेल (म्हणजे आधीचे पीक कडधान्याचे असेल) किंवा शेणखत घातले असेल तर तेही जमेस धरा. बहुतेक जण ते विसरतात.

काड पेटवू नका. जाळल्यावर त्यातले बहुतेक सगळे नत्र धुरात जाते. मात्र पेरणीच्या तोंडावरही ते मातीत गाडू नका. गव्हाच्या काडात नत्राच्या ऐंशीएक पट कर्ब असतो. तो कुजवायला जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. मग आपण घाबरून युरिया फेकतो. तीन-चार आठवडे आधी गाडले, आणि जमिनीत ओल असली, तर ही वेळ येत नाही. कोरडी जमीन असेल तर काड वरच पसरू द्या. आच्छादन म्हणून कामी येईल.

काड धरणाऱ्या जमिनीचा फरक पाहायचा असेल तर सुकी ढेकळे दोन आणा, एक मशागतीच्या शेतातले आणि एक बांधावरच्या गवताखालचे. दोन काचेच्या पेल्यांत अलगद पाण्यात सोडा. पाच मिनिटांत शेतातले बहुधा विरघळून तळाशी चिखल होईल आणि गवताखालचे आकार धरून बसेल. पहिल्या जोराच्या सरीत तुमच्या शेतात काय होणार ते त्या पेल्यात दिसते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जातो, म्हणून माती अडवली की स्फुरदही अडतो. ओढ्याच्या काठाने चार-पाच मीटर गवताची पट्टी सोडा आणि तिच्यात खत टाकू नका. मशागत उताराला आडवी, हे सांगायला नकोच.

नत्र एका दमात देऊ नका; पेरणीला थोडे आणि बाकीचे पीक वाढीला लागल्यावर. ओल्या, उबदार जमिनीवर उघडा पडलेला युरिया काही दिवसांत बराचसा उडून जातो. चार-पाच सेंटिमीटर मातीआड करा किंवा लगेच हलके पाणी द्या. मोठा पाऊस अंगावर असेल तर थांबा. पाणी साचलेले असेल तर निचरा होऊन वाफसा (मशागतीजोगी ओल) येऊ द्या, मग खत.

कडधान्य घेणार असाल तर फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड मुळासकट हलक्या हाताने खणून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतले नत्र पकडण्याचे काम करते आहे, वरून नत्र देऊ नका. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) चोळायला विसरू नका.

माझे ऐकून पूर्ण शेतावर खत कमी करू नका. एका कडेला दहा ओळींची पट्टी खुंट्या ठोकून वेगळी करा, तिथे शेवटचा हप्ता देऊ नका, बाकी सगळे सारखे ठेवा. कापणीला ती पट्टी आणि शेजारच्या दहा ओळी वेगवेगळ्या मळा, वेगवेगळ्या तोला आणि वजन खताच्या पावतीच्या मागे लिहून ठेवा.