अलंकार ओळखावा कसा: ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत वाढणारी बरीच मुले अलंकार, म्हणजे कवितेत भाषेला सौंदर्य आणणाऱ्या रचना, दोनदा शिकतात: एकदा शाळेत हिंदीतून आणि एकदा घरी मराठीतून. नावे बहुतेक तीच असली तरी त्यांच्या सीमा सर्वत्र सारख्या नाहीत, आणि नेमका तेथेच गोंधळ होतो. माझ्याकडे रविवारी मराठी वाचायला येणाऱ्या मुलांना मी व्याख्या सर्वांत शेवटी सांगते. समोरच्या ओळीला कोणते प्रश्न विचारायचे, ते त्यांनी आधी शिकावे असा माझा आग्रह असतो.

पहिला प्रश्न असा: ओळीतला महत्त्वाचा शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घातला, तर गंमत टिकते का? ‘बुवांना राग चटकन येतो, म्हणूनच शिष्य त्यांच्यापाशी गर्दी करतात’ हे वाक्य घ्या. ‘राग’ काढून ‘संताप’ लिहिला, तर उरते ते नुसते विचित्र विधान. गंमत त्या एका शब्दात होती, म्हणून हा शब्दालंकार. आणि एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात, म्हणून तो श्लेष. आता ‘राग आळवता राग निवाला’ असे म्हटले, तर तोच शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. हे यमक.

यमकाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. हिंदीच्या पाठात यमक म्हणजे मुख्यतः शब्दाची अशी भिन्नार्थी पुनरावृत्ती; ओळींच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना तेथे तुक किंवा अंत्यानुप्रास म्हणतात. मराठीत मात्र चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक जागी तीच अक्षरे पुन्हा आली, तरी आपण यमकच म्हणतो. ‘उन्हात तापली किल्ल्याची भिंत, सावलीत बसली आजीची खंत’ या ओळींत मराठीच्या तासाला ‘यमक’ हे उत्तर बरोबर ठरेल आणि हिंदीच्या तासाला चुकीचे. मुलाला दोन्ही परंपरा एकाच वेळी सांगाव्यात; एकीला खोटे ठरवून दुसरी शिकवू नये. अनुप्रासाबाबत असा प्रश्न येत नाही. एकच वर्ण जवळजवळच्या शब्दांत पुन्हा येऊन कानाला नाद जाणवला, की तो ओळखू येतो.

शब्द बदलूनही सौंदर्य टिकले, तर तो अर्थालंकार. येथे दुसरा प्रश्न विचारायचा: कोणाविषयी बोलणे चालले आहे, त्याला कशाशी जोडले आहे आणि त्या दोघांचे नाते काय सांगितले आहे? ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत समान असलेला गुण हा साधारण धर्म, आणि सारखा, प्रमाणे, सम, परी हे साम्यवाचक शब्द. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली. १६व्या शतकातील संस्कृत साहित्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी उपमेला निरनिराळ्या भूमिका घेऊन नाचणारी नटी म्हटले आहे. मला शिकवताना याहून उपयोगी कल्पना दुसरी सापडलेली नाही, कारण एकच जोडी घेऊन तिची सारी सोंगे मुलांना दाखवता येतात.

आमची जोडी ठरलेली आहे: शहराच्या डोक्यावरचा किल्ला आणि हत्ती. ‘किल्ला हत्तीसारखा शांत बसला आहे’ ही उपमा, कारण दोघे वेगळे राहून सारखे ठरतात. ‘किल्ला म्हणजे जणू राखणीला बसलेला हत्तीच’ ही उत्प्रेक्षा. येथे कल्पना एक पाऊल पुढे जाते, पण आपण कल्पना करीत आहोत हे बोलणारा विसरत नाही. ‘किल्ल्याचा हत्ती शहराच्या उशाशी बसला आहे’ यात दोघे एकरूप झाले, म्हणून रूपक. ‘हा किल्ला नव्हे, हत्तीच आहे’ असे म्हणून उपमेय नाकारले की अपन्हुती. ‘हा किल्ला की हत्ती?’ असा निर्णय न झालेला संशय म्हणजे ससंदेह. आणि धुक्यात खरोखरच हत्ती समजून एखादे पोर केळे घेऊन निघाले, तर भ्रांतिमान. ‘हत्तीहूनही अचल’ म्हटले की व्यतिरेक, आणि ‘या किल्ल्यासारखा हाच किल्ला’ म्हटले की अनन्वय.

खुणेच्या शब्दांवर मात्र विसंबून राहू नये. ‘सकाळपासून सारखा पाऊस पडतो आहे’ यात उपमा नाही. ‘धाकटा थोरल्यासारखा उंच आहे’ हीसुद्धा नुसती मोजणी आहे, कारण उपमेसाठी दोन भिन्न जातींच्या गोष्टींतले मनोहर साम्य लागते. ‘उद्या ऊन पडेल असे वाटते’ हा अंदाज आहे, उत्प्रेक्षा नव्हे. निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली, तर हिंदीच्या पाठात मानवीकरण म्हणतात आणि मराठीत चेतनगुणोक्ती. येथे फरक नावापुरताच आहे.

एका ओळीत दोन अलंकार आले, तर दोन्ही लिहावेत. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे दिसतात, तसे ते दिसत असतील तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी यांच्याप्रमाणे मिसळले असतील तर संकर. ‘दुर्गगज दिसू लागला’ या वाक्यात ‘गजासारखा दुर्ग’ अशी उपमा आहे की ‘दुर्ग हाच गज’ असे रूपक, हे ठरवता येत नाही. म्हणून तो संकर. अशा वेळी क्रियापदाकडे पाहावे. ‘दुर्गगजावर दिवे लागले’ म्हटले तर दिवे किल्ल्यावर लागतात, म्हणून उपमा. आणि ‘दुर्गगजाने सोंड उचलली’ म्हटले तर सोंड हत्तीची, म्हणून रूपक.