पीकेयूच्या रक्ततपासणीचा निकाल एसएमएसने कळवायचा असेल तर

पीकेयू (फिनाइलकिटोन्युरिया) या जन्मजात आजारात प्रथिनातले फिनाइलॲलनीन शरीराला नीट मोडता येत नाही, म्हणून प्रथिन मोजूनच द्यावे लागते. हा आजार असलेल्या मुलाच्या रक्तातली फिनाइलॲलनीनची पातळी पहिल्या वर्षी दर आठवड्याला, बाराव्या वर्षापर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा पाहावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एवढ्या वेळा प्रत्येक घरी फोन करणे एका आहारतज्ज्ञाला झेपत नाही. निकाल पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवावा, तर नमुन्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुलाने काय खाल्ले हे तोवर कोणालाच आठवत नाही. एसएमएस इथे कामाला येतो.

मात्र काही निकाल एसएमएसने जाताच कामा नयेत. नवजात तपासणीत पहिल्यांदाच वर आलेली पातळी फोनवर किंवा समोर बसवूनच सांगा. पीकेयू असलेल्या गर्भवतीच्या बाबतीतही फोनच करा, कारण तिचा आहार जवळजवळ प्रत्येक निकालागणिक बदलावा लागतो. एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज) या दुसऱ्या जन्मजात आजारातले वाढलेले ल्युसिन किंवा युरिया सायकलच्या, म्हणजे अमोनिया शरीराबाहेर टाकण्याच्या प्रक्रियेच्या, आजारातला अमोनिया तर मेंदूला सूज आणू शकतो. तिथे संदेश वाचला जाण्याची वाट पाहत बसणे धोक्याचे.

संमती आणि नंबर. लेखी संमती घेताना फोन कोणाच्या हातात असतो हे विचारा. नंबर वडिलांचा, मुलाचे डबे भरते आई आणि फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर, असे असेल तर आईचाच नंबर घ्या. आधी निकाल नसलेला एक चाचणी संदेश पाठवा आणि तो समोरच उघडून दाखवायला सांगा. पुढे प्रत्येक भेटीत नंबर पडताळा, कारण बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. मूल १८ वर्षांचे झाले की संमती त्याची स्वतःची घ्यायची.

मजकूर. देवनागरी संदेशाच्या एका भागात ७० अक्षरचिन्हे मावतात. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते, म्हणजे ‘स्त’ची तीन झाली. रोमन लिपीत १६० मावतात, पण त्यात मायक्रोचे चिन्ह टाकले की तोही संदेश ७०वर येतो. हा नमुना ६६ चिन्हांचा आहे:

नोंद ४२१: ६ जूनचा नमुना ४३०. हवे १२०-३६०. पातळी जास्त. आज फोन करू.

आजाराचे नाव नाही, मुलाचे नाव नाही. ‘फी’ हे फिनाइलॲलनीनचे लघुरूपही नको, लोक दवाखान्याचे बिल समजतात. नमुन्याची तारीख मात्र गाळू नका. दोन नमुने मागेपुढे पोहोचले तर तारखेवाचून कोणता आकडा कधीचा ते कळत नाही. ‘हवे’पुढची मर्यादा केसपेपरवरूनच घ्या. बारा वर्षांपर्यंत १२० ते ३६० मायक्रोमोल प्रतिलिटर. त्यापुढे युरोपीय मार्गदर्शनात ६००पर्यंत चालते, अमेरिकी मार्गदर्शनात आयुष्यभर ३६०च. रुग्णालयाचे नाव घातले तर संदेश दोन भागांत जातो आणि १३४ चिन्हे मिळतात.

हाच मजकूर डीएलटी पोर्टलवर (मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणीच्या संकेतस्थळावर) टेम्प्लेट म्हणून नोंदवून घ्यावा लागतो. नोंदणीत नसलेली एखादी जादा जागा किंवा पूर्णविराम पाठवताना घुसला, तरी मोबाइल कंपनी संदेश अडवते. लिंक देऊ नका. नोंद नसलेली लिंक अडकते, आणि लोकांनी अनोळखी लिंक उघडू नये हेच बरे.

पाठवण्याआधी. सगळ्यात महाग चूक एककाची. एक मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर म्हणजे सुमारे ६०.५ मायक्रोमोल प्रतिलिटर. प्रयोगशाळेने ७ लिहिले तर तो आकडा ४२४ होतो. तसाच ७ गेला तर घरच्यांना वाटणार पातळी फारच खाली आली, आणि ते डाळ-भाताचे प्रमाण वाढवून बसतील. म्हणून एकाने आकडा भरावा, दुसऱ्याने मूळ अहवाल हातात धरून नोंद क्रमांक, तारीख, आकडा मोठ्याने वाचून जुळवावा.

नमुन्याच्या कागदावरचा रक्ताचा ठिपकाही बघा. एकावर एक थेंब टाकलेला कागद पातळी खोटी वाढवतो, अर्धवट भरलेले वर्तुळ ती कमी दाखवते. कागद तीन-चार तास आडवा, सावलीत वाळवून मगच पाकिटात घालायचा असतो. नमुना खराब असेल तर आकडा कळवूच नका, ‘नमुना बाद, पुन्हा पाठवा’ एवढेच कळवा.

जास्त किंवा कमी आल्यास. आहारात काय बदलायचे ते एसएमएसमध्ये लिहू नका. जास्त आकड्यामागे ताप, घटलेले वजन, चुकलेला (फिनाइलॲलनीन नसलेला) प्रथिन-पूरक फॉर्म्युला, यातले काहीही असू शकते. तापातल्या मुलाचे अन्न घाईने तोडले तर शरीर स्वतःचेच प्रथिन मोडते आणि पातळी आणखी चढते. १२०च्या खालचा आकडाही फोन मागतो, तो ‘छान’ म्हणून सोडून देऊ नका. शनिवारी संध्याकाळी जास्तचा संदेश टाकून दवाखान्याला कुलूप लावणे म्हणजे घरच्यांची रविवारभर झोप उडवणे. फोन घ्यायला कोणी असेल तेव्हाच पाठवा.

हेडरवरून (नंबरऐवजी दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावावरून) आलेल्या संदेशाला उत्तर देता येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून कागदावर वेगळा नंबर द्या. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे वाचला असे नव्हे. न पोहोचलेल्या संदेशांची यादी रोज काढा आणि त्यांना त्याच दिवशी फोन लावा. पाठवलेला मजकूर वेळेसह केसपेपरवर उतरवला नाही, तर पुढच्या भेटीत आईच्या वहीतला आकडा आणि तुमचा आकडा यांत खरा कोणता यावरच अर्धा वेळ जाईल.