केळीचा माल तयार, पण गाडी लागत नाही : माझा अनुभव

आमची बाग रावेर तालुक्यात, ग्रँड नैन या केळीच्या जातीची. अडचण अशी, की घड मागेपुढे तयार व्हायचे. थोड्या मालासाठी व्यापारी ट्रक पाठवेना आणि तोवर घड झाडावरच पिकू लागायचे. फोन करून पाहिले, पिकअप भरून बऱ्हाणपूरलाही नेलं. भाड्यातच पैसे गेले. वर्षभर राबून माल असा वाया जाताना बघवत नाही.

मग हे केलं, याच क्रमाने. माल एकत्र काढायला आधी बांधाला बांध लागून असलेल्या बागा धरल्या, तेही निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, साधारण एका वेळची असलेल्याच. नंतर आपसांत कामं वाटली. "आप्पा, घड तुम्ही बघा. दराचं नाना बघतील." आप्पांची नजर पक्की. फळाच्या धारा बोथट होऊन गोलाई भरली की ते दांड्याला सुतळी बांधतात. सुतळीचाच घड कापायचा. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या वहिनींकडे वही दिली.

सगळ्या बागांतले सुतळीचे घड मोजले आणि मगच नानांनी व्यापाऱ्याला एकूण माल व एकच तारीख सांगितली. भाव कापणीआधी ठरवला, दांड्याची कटती, म्हणजे दांड्यापोटी वजनातून होणारी वजावट, किती तेही आधीच. हे आधी बोलणं फार गरजेचं, काट्यावर वाद होतात ते इथेच. वजन प्रत्येकाचं वेगळं, पावती वेगळी, आणि त्याच संध्याकाळी वहिनींच्या ओट्यावर सगळ्यांसमोर वही वाचायची.

आता ट्रक बांधापर्यंत येतो.