कारो-कान बचाव: आधी उंट बाहेर, मग ई६

बुद्धिबळात पांढऱ्याने ई४ खेळल्यावर (म्हणजे प्यादे ई४ या घरात नेल्यावर) काळ्याने सी६ आणि पुढच्या चालीत डी५ खेळणे म्हणजे कारो-कान बचाव. होराशियो कारो आणि मार्कुस कान यांनी १८८६ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले होते. चालींची पाठांतरे करण्याआधी त्यामागचा हेतू समजून घ्यावा. फ्रेंच बचावात, म्हणजे काळा ई४ ला ई६ ने उत्तर देतो तेव्हा, त्या ई६ मुळे सी८ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. येथे डी५ ला सी६ च्या प्याद्याचा आधार असल्याने तो उंट एफ५ वर बाहेर काढून मगच ई६ खेळता येते.

पांढऱ्याने तिसऱ्या चालीत ई५ खेळल्यास हा क्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. उंट एफ५ वर आल्यावर पांढऱ्याने एच४ केले आणि काळ्याने सवयीने ई६ खेळले, तर जी४, एच५ आणि एफ३ या प्याद्यांच्या चालींनी तोच उंट कोंडीत सापडतो. म्हणून तेथे काळ्याने ई६ ऐवजी एच५ खेळावे. पुढे सी५ ची धडक द्यावी लागते. त्यात प्यादे आधी सी६ वर थांबल्याने एक चाल वाया जाते हे खरे, पण मध्यभाग बंद असल्याने ती परवडते.

तिसऱ्या चालीत ई५ ऐवजी पांढऱ्याचा घोडा सी३ वर आल्यास काळा ई४ वर मारामारी करतो. नंतर काळ्याचा एक घोडा डी७ वर असताना पांढऱ्याचा वजीर ई२ वर आला, तर दुसरा घोडा एफ६ वर मुळीच नेऊ नये: पांढऱ्याचा घोडा डी६ वर येताच मात होते, कारण ई७ चे प्यादे वजिरामुळे जखडलेले असते (ते हलवल्यास राजा उघडा पडतो), म्हणून ते घोड्याला मारू शकत नाही.