नेटवर्क मंद की सर्व्हर? आधी वेळेची फोड करा

तक्रार बहुतेक वेळा एवढीच येते: "नेट स्लो आहे." त्यात चार निरनिराळे वेळ मिसळलेले असतात: साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचा, जोडणी होण्याचा, सर्व्हरने उत्तर तयार करण्याचा आणि डेटा उतरण्याचा. हे वेगळे केल्याशिवाय मी कुठल्याही सेटिंगला हात लावत नाही, दुसऱ्यालाही लावू देत नाही.

सुरुवात पिंगने: ही आज्ञा समोरच्या मशीनला छोटं पॅकेट (डेटाचा तुकडा) पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. आधी स्वतःच्या राउटरला, मगच बाहेरच्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच आकडे ३, ९०, ५, २०० असे नाचत असतील तर पहिला संशय वायफायवर. केबल लावून पुन्हा मोजा. विंडोजचं पिंग चार पॅकेट पाठवून थांबतं. चारांवरून काही ठरवू नका, संख्या वाढवून शंभर तरी जाऊ द्या, आणि सरासरीपेक्षा किमान-कमाल यांतलं अंतर बघा. कॉलमध्ये आवाज तुटतो तो बहुधा या चढउतारामुळे. किमान आकड्याला मात्र निसर्गाचीच मर्यादा आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन यायलाच १० मिलिसेकंद हवेत.

वाट कुठे अडते ते एमटीआर दाखवतं: हे साधन सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक राउटर, म्हणजे प्रत्येक टप्पा, वेगळा तपासतं. मधल्या एखाद्या टप्प्यासमोर ४० टक्के लॉस (उत्तर न आलेली पॅकेट) दिसला की लोक लगेच त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. पुढचे टप्पे स्वच्छ असतील तर तो लॉस खरा नव्हे: राउटर इतरांची पॅकेट नीट पुढे पाठवत असतो, फक्त स्वतः उत्तर द्यायचं टाळतो. लॉस तिथून शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकला, तरच दखल घ्या.

माझा सगळ्यात जास्त भरवसा कर्लवर, म्हणजे कमांड लाइनवरून वेब पत्ता उघडणाऱ्या साधनावर. त्याच्या राइट-आउट पर्यायाने प्रत्येक टप्प्याची वेळ छापता येते. हे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून वजाबाकी करावी लागते. समजा, नाव सापडलं ०.०२ सेकंदाला, टीसीपी जोडणी ०.०५ ला, टीएलएस (जोडणी सुरक्षित करण्याची बोलणी) ०.११ ला, पहिला बाइट १.९० ला आणि काम संपलं १.९५ ला. जोडणीला लागले ०.०३, म्हणजे एक फेरी (सर्व्हरपर्यंत जाऊन परत). टीएलएसला तशा दोन फेऱ्या. इथवर नेटवर्क ठणठणीत आहे. पुढचे १.७९ सेकंद बघा: त्यातली एक फेरी वजा केली तरी उरलेला जवळजवळ सगळा वेळ सर्व्हरच्या बाजूला गेला. अशा वेळी बँडविड्थ वाढवून पैसे वाया जातील. डेटाबेसच्या क्वेरी तपासा. उलट, पहिल्याच आकड्याला सेकंद लागत असेल तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, वळा. डिग या आज्ञेने डीएनएसला तेच नाव दोनदा विचारा. दुसऱ्यांदा उत्तर झटकन येतं ते कॅशमुळे (आधीचं उत्तर साठवलेलं असतं), म्हणून पहिला आकडा लिहून ठेवा.

लाइनची क्षमता मोजायला आयपर्फ३ वापरा. दोन्ही टोकांना आपली मशीन हवीत आणि मापन दोन्ही दिशांनी हवं. ते चालू असतानाच दुसऱ्या खिडकीत पिंग सोडा. रिकाम्या लाइनवर २० असलेला आकडा भरलेल्या लाइनवर ४०० झाला, तर बफर (पॅकेट थांबून राहतात ती रांग) तुंबतोय. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करा, त्यातली वेगमर्यादा मोजलेल्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या.