शाळेतील सर्वेक्षणापूर्वी पालकांची संमती कशी घ्यावी

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी असो वा एखाद्या संस्थेच्या उपक्रमासाठी, शाळेतील मुलांकडून प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावीच. पण तेवढ्याने पालकांना विचारण्याची जबाबदारी संपत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्या, तरी आपण त्या आजच पाळाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

संमतिपत्र सोप्या मराठीत, एका पानाचे असावे. कोणते प्रश्न विचारणार, उत्तरे कोण वाचणार, कागद कधी नष्ट करणार आणि नकार दिल्यास मुलाचे कोणतेही नुकसान होणार नाही, हे त्यात लिहावे व प्रश्नावलीची प्रत जोडावी. ‘कळवले नाही तर संमती समजू’ असे वाक्य घालू नये. डायरीत चिकटवलेल्या चिठ्ठीवर कधी कधी मूलच सही करून आणते, म्हणून पालकसभेत पत्र वाचून दाखवून, शंकांना उत्तरे देऊन, विचाराला दोन दिवस द्यावेत. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. तेथे त्यांच्या जाण्याआधीच संमती घ्यावी, आजीच्या अंगठ्यावर काम भागवू नये.

पालकांनी होकार दिला तरी मुलालाही विचारावे, आणि त्याने मान हलवून नकार दिला तर तो मानावा.

‘नाव लिहू नका’ एवढ्याने गोपनीयता राखली जात नाही. १८ पटाच्या वर्गात जन्मतारीख, जात आणि वडिलांचा व्यवसाय हे तीन रकाने भरले की मूल ओळखू येते. ‘घरात कोणी दारू पिते का?’ या प्रश्नापुढची खूण कागद गोळा करणाऱ्या वर्गशिक्षकांच्या नजरेस पडते, आणि त्याच गावात त्यांची त्या वडिलांशी रोज गाठ पडते. म्हणून अनावश्यक रकाने काढावेत आणि घडी घातलेला कागद मुलानेच बंद पेटीत टाकावा. गूगल फॉर्म वापरल्यास ईमेल नोंदवण्याची व इतरांना निकालाचा गोषवारा दाखवण्याची सोय बंद ठेवावी.

मात्र मुलाला ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे त्याला प्रश्नावली हातात देण्यापूर्वीच सांगावे.