अर्धी पुडी टाकूनही मीठ कमी का होत नाही? इन्स्टंट रामेनच्या या चुका टाळा

आमच्या इंदूरला रात्री भूक लागली की एक तर सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार, नाहीतर घरातलं नूडल्सचं पाकीट. सराफ्याला काही रोज जाणं होत नाही, त्यामुळे पाकीटच फुटतं. बीपी निघालं म्हणून रामेन बंदच करा, असं मी कोणाला सांगत नाही. मलाही ते मनापासून आवडतं. पण "आम्ही मीठ-तेल कमी केलंय" म्हणणारी माणसं प्रत्यक्षात काय करतात ते बघितलं की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक वरून घालायच्या गोष्टींची. आमचे दादा टिळकनगरला राहतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून ते मसाल्याची अर्धीच पुडी टाकतात आणि भेटेल त्याला तसं सांगतात. तरी बीपी उतरेना. एकदा मी मुक्कामाला होते, तेव्हा ओट्याशी उभी राहून बघितलं. अर्धी पुडी टाकली, उरलेली नीट घडी घालून डब्यात ठेवली. मग चमचाभर चाखलं. "फिक्कं लागतंय गं." लगेच जीरावन (आमचा पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), तेही चिमटीने नाही, डबीच झटकून. त्यावर मूठभर लसूण शेव. दोन मिनिटांत शेव मऊ पडली आणि बाऊलच्या कडेने तेलाचे पिवळे थेंब फिरायला लागले. शेवटी बाऊल तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

जीरावनात काळं मीठ असतंच, बहुतेक वेळा साधंही असतं. शेवेत मीठही आणि तेलही. पुडीतून वाचवलेलं सगळं असं परत आत गेलं. पोह्यांवर शेव-जीरावन हवंच, माझी ना नाही. पोह्यांत मीठ किती घालायचं ते आपल्या हातात असतं. पुडीत ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

दादांसाठी मी बिनमिठाचं जीरावन करून ठेवलंय: जिरं, धणे, बडीशेप, दोन-तीन लवंगा, एक तमालपत्र आणि सुकी लाल मिरची कोरडं भाजायचं, सुंठ आणि आमचूर घालून बारीक करायचं. दुसरी सवय अशी की अर्धी पुडी टाकायची तर पाणीही कमी घ्यायचं, आणि मसाला उकळत्या पाण्यात न टाकता गॅस बंद केल्यावर टाकायचा. मग लिंबू पिळायचं. आंबट आणि तिखट असलं की जीभ मीठ फारसं मागत नाही. पहिले काही दिवस फिक्कं लागेल, तेवढं सोसा. दोन घासांत कंटाळून मिठाची बरणी ओढणाऱ्यांचं काहीच कमी होत नाही.

याच्या उलटी चूकही बघते: पूर्ण पुडी टाकायची आणि खारट लागलं की पाणी वाढवायचं. चव सौम्य झाली म्हणून मीठ गेलं कुठे? सगळं प्यायलात तर तेवढंच पोटात जाणार. बरंचसं मीठ त्या पाण्यातच उतरतं. नूडल्स आणि भाज्या खा, पाणी बाऊलमध्ये राहू द्या.

पाकिटावरचे आकडे वाचताना दोन गोष्टी बघा. आकडा शंभर ग्रॅमचा आहे की पूर्ण पाकिटाचा, ही पहिली. दुसरी, तिथे सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. मिठाचा अंदाज हवा तर सोडियमला अडीचने गुणा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. मोठ्या कोरियन पाकिटात एकट्यातच १७०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम सहज सापडतं. म्हणजे सव्वाचार ग्रॅम मीठ, आणि दिवसाची भाजी-आमटी अजून बाकीच.

आता तेल. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी पहिलं इन्स्टंट रामेन बाजारात आणलं, ते नूडल्स तळून वाळवण्याच्या युक्तीवर. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बारीक छिद्रं पडतात. त्यात गरम पाणी शिरतं म्हणून नूडल्स पटकन शिजतात. पण त्याच छिद्रांत तेलही बसलेलं असतं. म्हणून "पहिलं पाणी फेकलं की तेल गेलं" हे अर्धंच खरं. वरवरचं तेल आणि थोडं मीठ जातं, आतलं राहतं. मी तरी साध्या पाण्यात शिजवून चाळणीत ओतते आणि दुसऱ्या भांड्यातलं ताजं गरम पाणी घालते. पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढा धीर नसेल तर न तळलेल्या, हवेवर सुकवलेल्या नूडल्स आणा. शंभर ग्रॅममागे फॅट दोन-तीन ग्रॅम लिहिलेलं असेल तर समजा त्या तळलेल्या नाहीत. तळलेल्यांत हाच आकडा पंधराच्या पुढे-मागे असतो.

चव कमी वाटली म्हणून सोया सॉस नको, मोठ्या चमचाभरात ९०० मिलिग्रॅमच्या घरात सोडियम असतं. चीजची चकती, पापड, लोणचं सोबत नको. कोबी, गाजर, कांद्याची पात भरपूर घाला. कांदा तव्यावर कोरडाच काळपट भाजून घातला तर फोडणीची आठवण येत नाही. लो-सोडियम मीठ घरात मूत्रपिंडाचा त्रास असणारं किंवा बीपीच्या गोळ्या घेणारं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

उरलेली अर्धी पुडी भाजीत टाकणार असाल तर त्या भाजीत वेगळं मीठ घालू नका. माझ्याकडे ती चिमटा लावून पुढच्या पाकिटासाठी राहते, आणि त्या पाकिटातली पुडी न फोडता कचऱ्यात जाते.